प्रोसेसरला व्होल्टेज किती मिळतंय?

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला बजावलं होतं की आपापल्या कामातलं काहीतरी सांगा, स्वतःचं कौतुक नको आणि अर्ध्या तासाच्या वर नको. सकाळी आपल्या डॉक्टर मैत्रिणीनं मधुमेहावर बोलून जेवणातल्या जिलेबीची चव घालवली. आता जेवण झाल्यावर माझा नंबर, आणि विषय काय, तर संगणकाच्या प्रोसेसरचं व्होल्टेज. मागच्या बाकावरचे हळूच उठायलेत ते दिसतंय मला. जा, चहा घेऊन या. ते तेव्हाही विज्ञानाच्या तासाला असेच जायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारावीनंतर मी नांदेडला विष्णुपुरीच्या गुरु गोबिंदसिंघजी कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशनला गेलो आणि तिकडचाच झालो. गाव लातूर, पोट नांदेड. माझा धंदा मोजमापाचा. कारखान्यांतले मीटर, गेज, तापमापक खरं दाखवतात की खोटं, हे तपासून द्यायचं. त्यामुळे कोणी आकडा सांगितला की तो कुठे, कशानं आणि कधी मोजला, हे विचारायची मला खोड लागलीय. घरी यावरून भांडणं होतात, ते सोडा.

आधी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते दोन मिनिटांत. प्रोसेसर ठोक्यांवर काम करतो. सेकंदाला किती ठोके, हे कंपनी ठरवून देते. त्यापेक्षा जास्त ठोक्यांवर तो पळवायचा म्हणजे ओव्हरक्लॉक करायचं. आमच्या वसतिगृहात याचं वेड १९९९ च्या सुमारास आलं. इंटेलनं ऑगस्ट १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला होता. बोर्डाचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, त्याला साडेचारनं गुणायचं, म्हणजे ३००. गुणक कंपनीनं पक्का करून ठेवलेला. पण बोर्डाचा वेग ६६ ऐवजी १०० केला की साडेचार गुणिले शंभर, ४५०! दीडपट, फुकटात. काही बोर्डांवर त्यासाठी प्रोसेसरच्या एका पिनवर चिकटपट्टी लावावी लागायची. पोरं देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादला जायची, तिथून सुटे भाग आणायची आणि खोलीत जुळवाजुळव करायची. यंत्र सुरू झालं की पेढे. व्होल्टेज किती आहे, कुणी बघायचं नाही. आणि नांदेडच्या मे महिन्यात तेच यंत्र दुपारी गप्प बसायचं.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. ते लातूरचं आहे आणि त्याचा नायक आपल्याच वर्गातला आहे. नाव घेत नाही. त्याची परवानगी घेतलीय आणि तो इथेच बसलाय. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्याचा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग करायचं, संगणकावर जोडायचं, डीव्हीडी करून द्यायची. तुमच्यापैकी निम्म्यांच्या लग्नाच्या डीव्हीडी त्यानंच केल्यात, आणि निम्म्यांनी पूर्ण पैसे दिलेले नाहीत, असं तो म्हणतो.

मे २००८. लग्नसराई ऐन भरात. त्याचं यंत्र घरीच जुळवलेलं: पेंटियम ड्युअल कोर ई२१६०, मूळ वेग १.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे बोर्डाचा २०० गुणिले ९. त्यानं बोर्ड ३३३ वर नेऊन यंत्र ३ गिगाहर्ट्झला चालवलं होतं. हौस म्हणून नव्हे. तीन तासांच्या लग्नाची डीव्हीडी बनवायला मूळ वेगात साडेसात तास लागायचे, वाढवलेल्या वेगात साडेचार. त्या काळच्या भारनियमनात सलग साडेसात तास लाईट आणायची कुठून?

त्याचा फोन आला. "अरे, मशीन दुपारी बंद पडायलीय बघ. रात्री नीट चालतीय. व्होल्टेज वाढवून बघितलं, आणखीच पडायलीय."

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. ओव्हरक्लॉक केलेलं यंत्र अडखळत असेल तर थोडं व्होल्टेज वाढवावं, हा सगळ्यांना माहीत असलेला उपाय आहे आणि तो खोटा नाही. ठोके वेगानं पडायला लागले की चिपमधल्या सूक्ष्म स्विचांना उघडझाप करायला वेळ कमी मिळतो, व्होल्टेज वाढवलं की ते चपळ होतात. मग वाढवल्यावर जास्त का पडावं? आणि दुपारीच का?

दुसरी गोष्ट त्यानं सगळ्यात शेवटी सांगितली. मराठी माणूस मुख्य गोष्ट फोन ठेवताना सांगतो. एका लग्नाच्या दोन टेप त्यानं संगणकात उतरवून घेतल्या होत्या आणि त्याच टेपांवर पुढच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं. तेव्हा सगळेच असं करायचे, टेप महाग असायच्या. म्हणजे त्या लग्नाची एकच प्रत जगात उरली होती, ती त्या हार्ड डिस्कवर. आणि पडद्यावर अधूनमधून "डिलेड राईट फेल्ड" असा निरोप येत होता. वर आणखी, नवरीचे आजोबा लग्नानंतर आठवड्यातच गेले होते आणि घरचे रोज फोन करून विचारत होते की आबांचं शूटिंग कधी मिळेल.

मी मीटर पिशवीत टाकला आणि लोहा-अहमदपूरमार्गे एसटीनं लातूर गाठलं.

पहिलं काम मोजण्याचं नव्हतंच. यंत्र बायोसमधून मूळ वेगावर, मूळ व्होल्टेजवर आणलं. बाजूचं सगळं बंद केलं. त्या डिस्कवरचा मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवला आणि दोन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या. रात्रीचे दोन वाजले. अस्थिर यंत्रावर आधी कामाच्या फायलींची प्रत काढायची, निदान नंतर. डॉक्टर मैत्रीण मान हलवतेय, त्यांच्याकडेही असंच असावं.

काय मिळालं ते नंतर सांगतो. आधी मोजमाप.

सकाळी त्याला विचारलं, "व्होल्टेज किती आहे?" तो म्हणाला, "१.३०." मी म्हटलं, "बायोसमध्ये तर तू १.४० ठेवलंयस." तर म्हणे, "पण हे सॉफ्टवेअर १.३० दाखवतंय की!" तिसऱ्या एका सॉफ्टवेअरवर १.३७६ दिसत होतं. एकाच प्रोसेसरची एकाच वेळी तीन व्होल्टेज. आणि गंमत म्हणजे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते!

हे जरा सावकाश सांगतो, कारण आजही सगळा घोळ इथेच होतो. १.३० हा आकडा म्हणजे प्रोसेसरचं मागणीपत्र. प्रत्येक चिप कारखान्यात तपासली जाते आणि तिला मूळ वेगात किती व्होल्ट लागतील याचा एक सांकेतिक क्रमांक तिच्यातच नोंदवला जातो. त्याला व्हीआयडी म्हणतात. संगणक सुरू झाला की चिप बोर्डाला सांगते, मला इतके व्होल्ट द्या. कोअर टेम्पसारखं सॉफ्टवेअर हा व्हीआयडी दाखवतं. त्यानं बायोसमध्ये हातानं काय ठरवलंय याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. १.४० हा बायोसमधला आकडा म्हणजे मालकाचा हुकूम. आणि १.३७६ म्हणजे बोर्डावरच्या एका छोट्या संवेदक चिपनं मोजलेलं, प्रत्यक्ष मिळत असलेलं व्होल्टेज. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर ते दाखवतं. मागणी, हुकूम आणि पुरवठा. रेशनच्या दुकानात उभं राहिलेल्या माणसाला हे तीन आकडे वेगळे असतात हे समजावून सांगायला लागत नाही.

बरं, पुरवठ्याचा हा आकडा तरी किती भरवशाचा? आठवीत सरांनी व्हर्नियर कॅलिपर हातात देऊन पहिला प्रश्न विचारला होता, "लघुतम माप किती?" बोर्डावरच्या त्या संवेदकाचं लघुतम माप होतं ०.०१६ व्होल्ट. म्हणून त्याचा आकडा पायऱ्यांनीच उतरतो: १.३७६, १.३६०, १.३४४, १.३२८, १.३१२. मधलं काही त्याला दिसतच नाही. लोक दशांशचिन्हापुढचे तीन अंक बघून भुलतात. तीन अंक छापले म्हणजे तीन अंकांपर्यंत मोजलं असं होत नाही.

म्हणून मी मीटर लावला. काळी तार हार्ड डिस्कच्या मोकळ्या जोडणीतल्या काळ्या वायरला, लाल तार प्रोसेसरशेजारच्या चोकच्या बाहेरच्या टोकाला. व्होल्टमीटर समांतर, अमीटर एकसर, एका मार्काचा प्रश्न. मीटरवर १.३८४ आलं. संवेदक १.३७६ म्हणत होता. पायरीच्या अर्ध्या उंचीचा फरक, म्हणजे बोर्ड खोटं बोलत नव्हता.

हे सगळं यंत्र रिकामं असतानाचं. मग प्राइम९५ चालवलं. ज्याची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी मोठमोठी गणितं ते प्रोसेसरकडून सोडवून घेतं आणि एक जरी उत्तर चुकलं तरी थांबतं. ते सुरू होताच आकडा १.३७६ वरून धाडकन १.३१२ वर आला. मित्र ओरडला, "पडलं, पडलं!"

पडणारच होतं. आणि ते दहावीतल्या ओहमच्या नियमानं पडतं. या प्रोसेसरची मूळ वेगातली मर्यादा ६५ वॅट. त्याला १.३ नं भागा, ५० अँपियर येतात! घरातली दीड टनाची एसी सात-आठ अँपियर घेते. नखाएवढ्या चिपमध्ये पन्नास अँपियर जात असतील तर वाटेतला हजारांश ओहम रोधसुद्धा ५० गुणिले ०.००१ म्हणजे ०.०५ व्होल्ट खातो. वसतिगृहात पाइपाच्या शेवटच्या खोलीतल्या नळाचं पाणी, वरच्यांनी नळ सोडले की बारीक व्हायचं, तसंच.

यातला काही भाग मुद्दाम ठेवलेला असतो, हे पुष्कळांना पटत नाही. इंटेलच्या नियमावलीतच लिहिलेलं असतं की विद्युतधारा वाढली की व्होल्टेज ठरावीक उतारानं खाली आलं पाहिजे. कारण काम अचानक थांबलं की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं. शेतात मोटार चालू असताना कॉक एकदम बंद केला तर पाइप कसा धाडकन उडतो, तसं. भार असताना व्होल्टेज थोडं खाली ठेवलं तर ती उसळी वरच्या मर्यादेच्या आत राहते. पुढच्या काळातल्या बोर्डांत हा उतार घालवायची सोय आली, लोड-लाइन कॅलिब्रेशन. पोरं ती शेवटच्या टोकाला नेतात, आकडा सरळ रेषेत दिसतो, आनंद होतो. पण ती उसळी सॉफ्टवेअरला दिसत नाही आणि माझ्या साध्या मीटरलाही दिसत नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो. माझं मत विचाराल तर ती सोय मधल्या पायरीच्या वर नेऊ नये.

तर १.४० चं भाराखाली १.३१ होणं हा आजार नव्हता. मग आजार कुठे?

मी त्याला म्हटलं, प्रोसेसरचं सोड, बारा व्होल्टचा आकडा बघ. प्रोसेसरला मिळणारे १.३ व्होल्ट बोर्डावरचं सर्किट बारा व्होल्टपासून बनवतं आणि ते बारा येतात एसएमपीएसमधून. नियमाप्रमाणे बारात पाच टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे ११.४० ते १२.६०. रिकाम्या यंत्रात बोर्ड दाखवत होता ११.८४०. गणितं सुरू केली, तीन हार्ड डिस्कवर फायली फिरवायला लावल्या, तर ११.३२८. या आकड्यातही पायरी आहे, आणि मोठी. तो संवेदक चार व्होल्टच्या आसपासपर्यंतच मोजू शकतो, म्हणून बारा व्होल्ट रोधांनी विभागून त्याला दाखवतात आणि पायरीही चौपट होते, ०.०६४ ची. म्हणून पिवळ्या वायरला मीटर लावला: ११.१! आणि भिंतीतल्या प्लगमध्ये मोजलं तर २३० च्या जागी १८८. दुपारचे तीन वाजले होते, गल्लीतले सगळे कूलर चालू.

आता गाठ सुटली. एसएमपीएसवर ५०० वॅट असं छापलेलं होतं. हातात घेतलं तर चिवड्याच्या पुड्याइतकं हलकं. त्याच्यात तेवढा दम नव्हताच, कमी व्होल्टेजवर आणि गरम खोलीत तर नाहीच. चिपला लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १.८ वरून ३, म्हणजे १.६७ पट. व्होल्टेज १.३० वरून १.४०, त्याचा वर्ग १.१६ पट. गुणाकार १.९ च्या वर. प्रोसेसर बारा व्होल्टच्या वायरीतून जवळजवळ दुप्पट ओढत होता. त्याच बारावर हार्ड डिस्कच्या मोटारी फिरतात. बारा खाली गेले की डिस्क क्षणभर अडखळते आणि विंडोज म्हणतं, लिहायचं राहून गेलं.

म्हणजे आजार दोन होते. वेग जास्त आणि व्होल्टेज कमी, म्हणून सुरुवातीला कधीमधी गणित चुकायचं. त्यावर त्यानं व्होल्टेज वाढवलं, गणित सुधारलं, पण बारावरचा भार वाढून डिस्क पडायला लागल्या. ते बघून तो आणखी व्होल्टेज वाढवत होता. एका आजाराचं औषध दुसऱ्याचं विष झालं होतं. रात्री कूलर बंद, भिंतीतलं व्होल्टेज बरं, म्हणून रात्री नीट. प्रोसेसरच्या एकाच आकड्याकडे बघत बसलं असतं तर हे जन्मात कळलं नसतं.

नवीन एसएमपीएस लातुरात तेव्हा मनासारखा मिळेना. पुण्याच्या एका मित्रानं तापकीर गल्लीतून घेतला आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून दिला. सकाळी आपल्या नायकानं तो उतरवून घेतला आणि म्हणाला, "हा तर विटेएवढा जड आहे." म्हटलं, बरोबर आहे. आत तांबं, लोखंड, अॅल्युमिनियम असेल तर वजन लागणारच.

वेगाबद्दल मात्र आमचं वाजलं. त्याला ३ गिगाहर्ट्झ सोडवेना. शेवटी ३०० गुणिले ९, २.७ वर तडजोड झाली. बायोसमध्ये १.३२५, भाराखाली बोर्ड दाखवतो १.२६४, बारा व्होल्ट ११.९६८ वर स्थिर. साडेचार तासांचं काम पाच तासांवर गेलं आणि प्रोसेसरची भूक १.९ पटीवरून साधारण दीडपटीवर आली. चाचणी आम्ही मुद्दाम दुपारी दोन ते पाच घेतली, शटर अर्धं खाली, पंखा बंद. रात्री बारा वाजता थंड खोलीत केलेल्या चाचणीला आपल्या मराठवाड्यात काही अर्थ नाही. ज्या वेळी पडतं त्या वेळी तपासायचं.

आणि आबांचं शूटिंग. बहुतेक फायली नीट निघाल्या. पंगतीची नऊ मिनिटं गेली, त्याचं कुणाला फारसं दुःख झालं नाही. पण आबा नवरीच्या डोक्यावर हात ठेवतात ती फाईल मध्येच खराब झाली होती. नशीब असं की त्या कॅमेऱ्याच्या डीव्ही पद्धतीत प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवतात, आधीच्या चित्रावर पुढचं अवलंबून नसतं. त्यामुळे काही सेकंद चेहऱ्यावर रंगीत चौकोन येतात आणि पुन्हा चित्र स्वच्छ होतं. आवाज त्या सेकंदांत नाही. आपल्या मित्रानं तेवढ्या जागी फोटोग्राफरनं काढलेला आबांचा फोटो बसवला आणि सनई वाढवली. घरच्यांना त्यानं सगळं खरं सांगितलं, पैसे घेतले नाहीत. त्या घरातलं पुढचं लग्नही त्यालाच मिळालं. त्यानंतर तो टेपवर पुन्हा शूटिंग करत नाही. आता टेपच राहिल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

एक आडवाटेचं सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हे असेल. त्याच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. "थोडं करंट मारतंय, सवय झालीय," म्हणे. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. ते अगदी कमी धारेचं असतं म्हणून माणूस वाचतो, पण जोडलेला कॅमेरा किंवा प्रिंटर वाचेलच असं नाही, आणि मोजमापातही त्याची लुडबूड होते. आपल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचा प्लग असतो, तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. असली तरी अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, कोरड्या मातीत त्याचा उपयोग निम्मा होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूर प्यायलं, त्या वर्षी खड्ड्यात पाणी घाला असं मी कुणाला सांगायला धजावलो नाही.

आता आजचं. आपल्यातल्या अनेकांची मुलं गेमिंगचे संगणक स्वतः जुळवायलीत. गेल्या महिन्यात तीन जणांनी मला विचारलं, "पोरगा व्होल्टेज, ओव्हरक्लॉक असं काहीतरी म्हणतो, करू द्यावं का?" करू द्या. यूट्यूबवर रील बघण्यापेक्षा बरंच आहे. पण काळ बदललाय. आजचे प्रोसेसर स्वतःच गरजेप्रमाणे वेग आणि व्होल्टेज सेकंदात अनेकदा वरखाली करतात. हलक्या कामात क्षणभर १.४ च्या वर आकडा दिसला म्हणून घाबरून जायचं कारण नाही, त्या वेळी धारा थोडी असते. सगळ्या कोअर जोरात चालू असताना, अर्ध्या तासानं, किती दिसतं ते बघायचं.

आणि मागणीपत्रच चुकीचं असेल तर? २०२४ मध्ये नेमकं तेच झालं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जगभर अस्थिर व्हायला लागले. ज्यांनी कधी ओव्हरक्लॉक केलं नाही त्यांचेही. तपासात कळलं की चिपमधला मायक्रोकोडच काही वेळा जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यानं चिप आतून झिजत होती. ऑगस्टमध्ये सुधारणा आली, १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवणारी, आणि कंपनीनं वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र त्या सुधारणेनं भरून येत नाही. त्याच्या आदल्या वर्षी एएमडीचे ७००० मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले होते, तेव्हा एसओसी नावाच्या भागाच्या व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घालावी लागली. म्हणून घरी या पिढ्यांचं यंत्र असेल तर पोराला आधी विचारा, बायोस कधी अपडेट केलास? ओव्हरक्लॉकचं नंतर.

मीटर लावायचा हट्ट मात्र मुलांना करू देऊ नका. १.३ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण प्रोबचं टोक घसरून दोन पिनांना लागलं की बोर्ड गेला. आणि एसएमपीएसचा डबा कुणीच उघडू नये. आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहू शकतं.

सर, आपण मघाशी जेवताना विचारलंत की तो जुना संगणक आहे का अजून. आहे. प्रोसेसर तोच. स्टुडिओ आता दुसऱ्या जागेत गेलाय, नवीन यंत्रं आलीत, हा कोपऱ्यात बसून बिलं छापतो. काल संध्याकाळी मी उतरल्यावर तिथे गेलो होतो. २.७ गिगाहर्ट्झ, भाराखाली १.२६४, बारा व्होल्टचे आता ११.७७६ झालेत. एसएमपीएसमधले कपॅसिटर थकायला लागलेत, पुढच्या उन्हाळ्याआधी बदल, असं त्याला सांगितलंय. तो "बघू" म्हणालाय. मीटर माझ्या पिशवीत आहे आणि मी उद्या दुपारपर्यंत लातुरात आहे. कुणाच्या घरच्या संगणकाचं बघायचं असेल तर चहाच्या वेळी सांगा, आणि प्लगजवळ अर्थिंग आहे का ते आधी फोन करून घरी विचारून ठेवा.